दुसरी सही

"सहा पूर्णांक आठ!" मास्तरांनी स्टॉपवॉच दाबलं आणि विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "अठ्ठावीस मजले, आणि सात सेकंदसुद्धा नाहीत. आगीनं इमारत अशी पडते होय?"

मोबाइलवर तो टॉवर आज चौथ्यांदा पडला होता. फिटर दाराजवळच्या स्टुलावर बसून आतल्या आत जळफळत होता. बरं, बोलावं तर कोणापुढे? समोरच्या सातही जणांचं कोणी ना कोणी त्या टॉवरमध्ये गेलेलं. त्याच्या ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, तिथे वॉचमन होते. आग लागली तेव्हा माणसांना खाली पाठवत पाठवत ते वर गेले ते गेलेच. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून दर रविवारी ताईच्या पुढच्या खोलीत ही बैठक भरायची आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर ती चालवायचे. त्यांची सून अकराव्या मजल्यावर कामाला होती.

टॉवर आगीनं पडला नाही, आतून स्फोटकं लावून मुद्दाम पाडला, असं बैठकीचं म्हणणं. उद्या कोर्टात अर्ज द्यायचा होता आणि त्याला फिटरचा जबाब जोडायचा होता. आगीच्या चार महिने आधी आग विझवायचे पाइप तिथे त्यानंच बसवले होते ना! पाइपांच्या नावाखाली कोणी भलत्याच पेट्या वर नेताना पाहिलं, एवढं एक वाक्य त्यानं द्यावं, बस्स. फिटरनं मात्र वेगळंच ठरवलं होतं. आज खरं सांगून टाकायचं. मग एकुलत्या एका बहिणीनं कायमचं दार बंद केलं तरी चालेल.

पण सांगायला तोंड कसं उघडायचं तेच सुचेना, म्हणून तो नुसताच वाद घालत बसला होता.

"मास्तर, खालचा निम्मा टॉवर तर धुळीत आहे. तो जमिनीला टेकलेला दिसतच नाही. मग तुम्ही घड्याळ थांबवता कशावर?"

"अंदाजावर."

"वा! आणि दशांश चिन्हासकट?"

"बाळ्या, उगाच फाटे फोडू नकोस," ताई स्वयंपाकघरातून ओरडली. चोपन्नाव्या वर्षीही तो तिला बाळ्याच. "ते शिकलेले आहेत."

"आणि ते धडाधड आवाज?" कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं. तिचा मुलगा गेला होता. फिटरचा आवाज आपोआप खाली आला. "मावशी, आत सिलिंडर असतात, एसीची यंत्रं असतात. तापली की फुटतातच हो ती."

"यांच्याकडे सगळ्याला उत्तर तयार!" मास्तर म्हणाले.

मग मात्र फिटरची सटकली. "अहो, स्फोटकं लावायची म्हणजे काय कंदील टांगायचे आहेत? भिंती फोडा, खांब उघडे करा, भोकं पाडा, तारा ओढा. शंभर माणसं महिनाभर राबतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही? आमचा एक सांधा गळला तर तीन मजल्यांवरून शिव्या येतात! आणि लोखंड वितळावंच लागतं असं कोणी सांगितलं? नुसतं तापलं तरी नरम पडतं. म्हणून तर त्यावर जाड लेप मारतात."

"बरोबर!" मास्तर पुढे सरकले. "तो लेप तीन तास आग सोसतो, असं बिल्डरच्याच कागदात आहे. टॉवर पडला दीड तासात. मग सांगा ना, लेप गेला कुठे?"

दीड वर्ष फिटर ज्या प्रश्नापासून तोंड लपवत होता, तो विचारला कोणी, तर ह्या माणसानं.

"मी खरवडला," तो म्हणाला.

ताई कपांचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"पाइप टांगायचा क्लॅम्प थेट तुळईच्या लोखंडावर बसावा लागतो. लेपावर बसवला तर घसरतो. म्हणून आम्ही पटाशीनं लेप काढतो. नंतर लेपवाल्यांनी येऊन तो परत मारायचा. ते कधी वेळेवर आलेत? पण दर मजल्याच्या कामाच्या तक्त्यात 'लेप पूर्ववत केला' असा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय पुढचा मजला मिळत नाही. मग आम्ही बरोबरची खूण करून मोकळे होतो. सगळेच फिटर करतात. नऊ ते चौदा, सहा मजल्यांची खूण मी केली. लेपवाले आलेच नाहीत. आणि आग लागली ती नवव्यावर."

कोणीतरी अंगावर धावून येईल, ताई कानाखाली वाजवेल, अशी त्यानं मनाची तयारी ठेवली होती. तसलं काही झालंच नाही.

"तुम्हाला कोणी भेटून गेलं का?" मास्तरांनी हळूच विचारलं. "असं बोला म्हणून?"

"अहो, मला कोण भेटणार! चौकशीवाल्यांना मीच दोन पत्रं पाठवली, त्यांची पोचसुद्धा आली नाही!"

ताईनं ट्रे आदळला. "म्हणजे हे तुझ्या पटाशीनं गेले?"

"हो, ताई."

"गप्प बस! एवढा थोरला टॉवर, एवढी माणसं, आणि कारण काय, तर ह्यानं रकान्यात खूण केली! माझा नवरा असल्या फालतू कारणानं गेलेला नाही, बाळ्या. ठरवून मारलंय त्यांना कोणीतरी."

फिटर रडायचाच बाकी राहिला होता. माणसानं आपणहून गुन्हा कबूल करावा आणि लोकांनी तो हातात परत ठेवावा, याला काय म्हणायचं?

"एक मिनिट," मास्तर म्हणाले. "तक्त्यावर तुमची एकट्याचीच सही?"

"नाही. दुसरी इमारतीच्या माणसाची. वर जाऊन, बघून करायची."

"कोणाची होती?"

फिटरनं ताईकडे पाहिलं. गेटजवळच्या खुर्चीत भाऊजींनी सहाही तक्ते मांडीवर घेतले होते. 'मेहुणेबुवांनी बघितलंय ना? मग आम्ही काय परत दुर्बीण लावायची?' असं म्हणत, हसत हसत त्यांनी सहा सह्या ठोकल्या होत्या. वर जायला ते उठलेही नव्हते. ते तक्ते टॉवरबरोबरच जळाले. आता हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"बघा!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "तुळया उघड्या ठेवल्या, आणि सगळं ठीक आहे म्हणून सही करणारा गायब! हाच आपल्याला सापडत नव्हता." ते लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागले. "सदर अज्ञात इसमाने कटाचा भाग म्हणून..."

"कसला कट, मास्तर! साधा माणूस असेल हो तो. विश्वासानं केली असेल सही."

"विश्वासानं?" ताई कडाडली. "वर जाऊन बघायला पाय मोडले होते मेल्याचे? सापडू दे मला एकदा. त्याचं कधी भलं व्हायचं नाही!"

"ताई, नको. त्याला काही बोलू नकोस."

"का? तुझा कोण लागतो तो?"

मास्तरांनी कागद फिटरपुढे सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि त्यानं तिथे सही केली.