कोकरावर बसेल असा लोगो

हर्षालीनं वॉट्सॲपवर पाठवलेले प्रश्न. हिरानं बोलून पाठवलेली उत्तरं.

नाव काय? — हिरा लेंडीखत. आमच्या मालकांनीच ठेवलंय, मी न्हाई सांगितलं.

गिऱ्हाईक कोण? — डाळिंबवाले, गुलाबवाले. पुण्याच्या बाया बी, कुंडीत घालायला.

आवडता रंग? — कोणचा बी. पर पावसानं जायला नको.

लोगो बघून काय वाटलं पाहिजे? — लांबून कळलं पायजे, हे आमचं हाय.

लोगो कुठं लावणार, हा पाचवा प्रश्न. त्याचं उत्तर हर्षालीनं स्वतःच भरून टाकलं होतं. पोती, कार्ड, वॉट्सॲप. सगळ्यांचं तेच असतं.

पहिला लोगो. हसरी मेंढी, कानांच्या जागी दोन पानं, खाली गोलाईदार अक्षरं.

"लई भारी. जरा कमी करा."

दुसरा लोगो. मेंढीचं नुसतं तोंड, एक पान.

"भारी. आजून कमी करा."

तिसरा लोगो. चार-पाच रेघांत तोंड. पान नाही.

"आजून."

हर्षालीचं नारायणगावात डिझाइनचं दुकान होतं. लोगोत फोन नंबर टाका, देव टाका, मुलाचा फोटो टाका म्हणणारी माणसं तिला रोज भेटत. कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. तिला ते चोखंदळ वाटलं.

हर्षालीला जे माहीत नव्हतं ते असं.

हिरा आणि तिचा नवरा दत्ता पिंपरी पेंढारचे, मेंढरंवाले. संक्रांतीनंतर दत्ता थोरल्या भावापासून, नवसूपासून, वेगळा झाला. मेंढरं वाटली, भांडी वाटली, घोडी नवसूला गेली. खूण वाटता येत नाही. मेंढराच्या मानेवरचा लाल गोल सासऱ्याच्या वेळेपासूनचा. तो थोरल्याकडे राहिला.

घरचा रिवाज असा की कळप मिसळले तर बिनखुणेचं जनावर थोरल्याचं. मोठ्या मेंढ्या तोंडावरून ओळखतात, त्यांच्यावरून वाद होत नाही. दूध सुटलेली कोकरं मात्र एकसारखी दिसतात आणि आईकडेही धावत नाहीत. हिराच्या कोकरांवर कसलीच खूण नव्हती. कांदा निघाल्यावर दोन्ही भावांच्या मेंढ्या लोणीच्या सयाजीच्या वावरात खतासाठी बसायच्या होत्या. शेजारी शेजारी.

सयाजी म्हणजे हर्षालीचे वडील. हिराला तिचा नंबर त्यांनीच दिला. नवी खूण करायचीच आहे तर पोत्यावर आणि कोकरावर एकच असू दे, असं हिरानं मनाशी ठरवलं होतं. हे वेगळं सांगावं लागतं, असं तिला वाटलं नाही.

रविवारी हर्षाली घरी लोणीला आली आणि वावरात गेली. हिराच्या मेंढ्या आदल्या दिवशीच येऊन बसल्या होत्या. दत्तानं एक कोकरू गुडघ्यांत धरलं होतं. हिराच्या हातात चिंधी गुंडाळलेली काडी. दगडावर मोबाइल टेकवलेला, त्यात तिसरा लोगो. कोकराच्या पाठीवर बटाट्यासारखं काहीतरी उमटलं होतं.

सयाजी बांधावर बसले होते. "ही तुजी कला का गं? मला वाटलं खरूज झाली."

"हिराताई, हे काय करताय?"

"तुमचा लोगो काढते. नाकापातुर येतंय बगा, तवर ह्यो लाथ मारतोय."

"पण लोगो पोत्यासाठी ना?"

"पोतं काय चरायला जातं व्हय ताई? पोत्यावर बी हायच. पर आदी हितं पायजे. उद्या सकाळी मोठे भावजी येत्यात."

मग तिनं रिवाज सांगितला. दत्ता खाली बघत कोकराचा पाय धरून राहिला. थोरल्याचं बाहेर बोललेलं त्याला रुचत नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं रंग कोणचा आवडतो."

हर्षाली ढेकळावर बसली. प्रश्न पुन्हा पहिल्यापासून.

"खूण लावतं कोण?"

"मी."

"वेळ किती मिळतो?"

"ते वरडायच्या आत उरकायचं."

"इकडं दुसऱ्यांच्या खुणा काय काय आहेत?"

"भावजींचा मानंवर लाल गोल. डिंगोऱ्याच्या जानकूची पाठीवर निळी पट्टी."

"रंग काळ्यावरही दिसायला हवा आणि पांढऱ्यावरही, हो ना?"

"आता कसं इचारलंत," हिरा म्हणाली.

पिवळा पांढऱ्यावर दिसेना. गडद हिरवा काळ्यावर दिसेना. सयाजींनी घरून दाराला लावून उरलेला पोपटी रंग आणला. मान नको, पाठ नको, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीशेजारी, दोन तिरप्या रेघा, वर एकमेकींना टेकलेल्या. पहिलं कोकरू हर्षालीनंच रंगवलं. एक रेघ कोकरावर, दुसरी तिच्या कुर्त्यावर.

"घ्या," सयाजी म्हणाले, "हिला बी मोजा तुमच्यात."

दिवस मावळायच्या आत सगळी कोकरं झाली. हर्षालीनं तेवढंच फोनवर काढून पोत्यासाठी ठेवलं. चौथा लोगो. दोन रेघा.

सकाळी नवसू आला. पाण्याच्या टाकीवर कळप मिसळले. मिसळणारच होते. नवसू कुंपणाच्या खिंडीत काठी घेऊन उभा राहिला आणि एकेक जनावर सोडू लागला. पोपटी रेघांचं पहिलं कोकरू आलं तेव्हा त्यानं काठी आडवी धरली.

"हे कुणाचं?"

दत्ता बोलला. "आमचं, दादा."

"कुणी काढून दिलं?"

"सयाजीआण्णांच्या पोरीनं."

"शिकलेली हाय ना ती?"

"हाय."

"मग येवढंच काढलं?"

त्यानं काठी उचलली. कोकरू दत्ताच्या बाजूला गेलं. त्यामागून दुसरं, तिसरं. नवसू नुसता पुठ्ठे बघत होता, तोंडं बघायची त्याला गरज पडली नाही.

बरंच नंतर एक काळं कोकरू आलं. रात्री बाभळीच्या काट्यांना अंग घासलं असावं, रंग निघून गेला होता. नवसूनं ते उचललं. दोन्ही पुठ्ठे फिरवून पाहिले. दत्तानं हिराकडं पाहिलं, हिरानं पाण्याकडं. नवसूनं कोकरू आपल्या बाजूला सोडलं.

"ते तुमचंच होतं ना?" हर्षालीनं हळूच विचारलं.

"व्हतं," हिरा म्हणाली. "खूण कुटं व्हती?"

तिनं रंगाच्या डब्याचं झाकण काढलं आणि राहिलेल्या कोकरांवर दुसरा हात द्यायला बसली.