पारापुढचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजवा. डावा एका कुत्र्यानं पळवला आणि त्यालाही तो फारसा आवडला नाही. सध्या मी सेनगाव ते कनेरगाव नाका अशा फेऱ्या मारणाऱ्या एका जीपच्या मागे लोंबकळत असतो. जीपला कुणाची नजर लागू नये म्हणून मला टांगलंय म्हणे. त्या खटाऱ्याला नजर लावायला कुणाला सवड आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. जाड कापड, त्यावर रबराचा लेप, खाली पातळ पण चिवट तळ, आणि घोट्याच्या वर चढणाऱ्या लांबलचक नाड्या. त्या काळी आपल्याकडे पावसाळ्यात दोनच प्रकार होते. एक कातडी वहाण, जी भिजली की मेल्या म्हशीसारखी जड व्हायची. दुसरा गमबूट, ज्यात पाय घालून चालणं म्हणजे दोन्ही पायांत घागरी अडकवून चालणं. मी दोघांनाही हसत असे. कारखान्यानं माझ्यासारखे थोडेच जोड बनवले आणि दगडाधोंड्यांच्या वाटांवर ते टिकतात का, हे बघायला गावोगाव धाडले.

आमच्या वाट्याला प्रेमसिंग नावाचा फिरता एजंट आला. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. आयुष्यात सडक सोडून एक पाऊल न टाकलेला हा माणूस डोंगर कसे चढावेत हे लोकांना शिकवत असे. सेनगावच्या दवाखान्यात त्यानं मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पानी अंदर जाएगाच नाही. पायात हाय का न्हाई, तेबी कळणार न्हाई. इथं सगळ्यांत जास्त कोण चालतं?"

सगळ्यांनी पद्माबाईकडं बोट दाखवलं.

पद्माबाई सरकारी नर्स होत्या. लुगड्यावर बूट! दवाखान्यातला कंपाउंडर हसला, शिपाई हसला. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या टोकात चिंध्यांचा बोळा कोंबला, कारण मी त्यांच्या पायाला थोडा मोठा होतो, आणि नाड्या आवळून उभ्या राहिल्या. "दिवाळीपर्यंत घालते, मग सांगते," एवढंच म्हणाल्या. टाचांना भेगा पडलेले त्यांचे पाय मी तेव्हाच ओळखले. हे पाय मला स्वस्थ बसू देणार नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. साखरा गावाकडच्या माळावर पद्माबाईंची रोजची फिरती. कुठं बाळंतीण, कुठं तापाचं लेकरू, कुठं लस टोचायची. तो माळ म्हणजे काळ्या दगडांचा उकिरडा. धारदार कपच्या, निसरडे धोंडे, वर सराटे आणि बाभळीचे काटे. वहाणा तिथं हात टेकायच्या. मी मात्र पहिल्याच दिवशी त्या दगडांना त्यांची पायरी दाखवली. एकही कपची आत घुसली नाही. बाभळीचा काटा माझ्या तळाशी येऊन मोडायचा, आणि मला त्याची कीवसुद्धा येत नसे.

पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्या डोक्यात जात असे. पद्माबाईंचं सासर ज्या गावात होतं, त्या गावाचं नाव मी सांगत नाही. नाव घेण्याची त्याची योग्यता नाही. गावाच्या कडेला बौद्धवाडा होता, तिथं त्या राहत. माळाकडं जायचं तर गावातल्या पारावरून जावं लागे. वाट गुळगुळीत, झाडलेली, एक खडा नाही. आणि नेमकी तिथंच ही बाई वाकायची, माझ्या नाड्या सोडायची, मला हातात घ्यायची, मान खाली घालून अनवाणी पार ओलांडायची आणि पलीकडं एका दगडावर बसून मला पुन्हा पायात चढवायची. दगडांत पायात आणि सपाटीला हातात! असला उफराटा कारभार मी कुठं पाहिला नव्हता.

कारण कळलं ते सोजराबाईंमुळं. सोजराबाई म्हणजे त्यांची सासू. एका सकाळी पद्माबाई दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "आत्या, रोज रोज काढायचा कंटाळा आलाय. आज तशीच जाते."

सोजराबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. "माय, येडी झालीस का? पारावर माणिकराव पाटील बसून राह्यलेत. गावातल्या कोण्या लेकीसुनेनं पारापुढून पायात घालून पाय टाकला न्हाई. त्यात आपण वाड्यातल्या. काहून वैर घेऊन राहिलीस? एक कागद वर धाडतील, अन् तुझी नोकरी जाईल."

असं होतं ते. बौद्धवाड्यातल्या पुरुषांनी हा रिवाज केव्हाच झुगारला होता. पण घरच्या बायांनी तो पाळावा, यावर त्यांचंही काही म्हणणं नव्हतं. कुणाच्या तरी पायातलं काढून घेतल्याशिवाय गावाला आपण मोठे आहोत असं वाटत नाही, आणि त्यासाठी बाई सगळ्यांत सोपी. पारावरच्या त्या मंडळींकडं मी रोज पाहत असे. दिवसभर तंबाखू मळायची आणि बायांच्या पायांवर डोळे ठेवायचे. पायातली वहाण पायातच बरी, असं बायांच्या बाबतीत तेच ऐटीत म्हणायचे, आणि खरी वहाण मात्र हातात घ्यायला लावायचे. आपल्याच म्हणीचा अर्थ न कळणारी माणसं!

पद्माबाईंनी त्या दिवशी मला काढलं. रोज काढत राहिल्या. जाताना एकदा, येताना एकदा. माझ्या नाड्यांची भोकं सैल होऊ लागली.

श्रावणातली गोष्ट. सकाळपासून झड लागली होती. पद्माबाई माळापलीकडच्या वस्तीवर होत्या, तेवढ्यात पाटलांचा गडी जळबा चिखलानं माखून आला.

"बाई, चला बिगीबिगी. पाटलाची चांगुणा अडून राह्यली. सुईणीनं हात टेकले."

चांगुणा ही माणिकरावांची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली.

पद्माबाई निघाल्या त्या पळतच. निसरड्या धोंड्यांवरून मी त्यांना एकदाही घसरू दिलं नाही, हे मी अभिमानानं सांगतो. ओढ्याला मात्र मांडीइतकं पाणी होतं आणि ते वरूनच माझ्यात शिरलं. पाणी आत येऊ न देणारा बूट एकदा आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही, हे प्रेमसिंगानं कुणाला सांगितलं नव्हतं. उरलेली वाट मी पचपच करत काढली.

पारापाशी आलो. पावसामुळं सगळी मंडळी शेजारच्या मारुतीच्या ओसरीत दाटीवाटीनं बसली होती. माणिकराव खांबाला धरून उभे होते. घरात बाया होत्या, तिथं त्यांना थांबवत नव्हतं. पद्माबाईंचा पाय पारापुढं पडला मात्र, ओसरीतून आवाज आला, "ए बाई! पायात काय हाय?"

लेक मरणाच्या दारात, आणि यांना पायांची पडली होती!

पद्माबाई सवयीनं वाकल्या. नाडीची गाठ ओढली. गाठ भिजून आवळली होती, सुटेना. त्यांनी नखं लावली. मी मनात म्हणालो, गाठी, आज सुटलीस तर याद राख.

पद्माबाई सरळ उभ्या राहिल्या. पाऊस त्यांच्या तोंडावर मारत होता.

"पाटील," त्या म्हणाल्या, "गाठ सुटून न्हाई राह्यली. हिला सोडवत बसू, का चांगुणाला सोडवाया जाऊ? तुमी म्हणसाल तसं करते."

 पलीकडं पाटलांच्या घरातून चांगुणाची किंकाळी आली.

"जा," माणिकराव पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा. ह्या समद्यांना ऐकू जाऊ द्या. उद्या माझ्यावर कागद नको."

"जा म्हणलं न, माय! बूट घालून जा! पळ!" एवढ्या मोठ्यानं तो माणूस आयुष्यात ओरडला नसेल.

आम्ही गेलो. पारापुढून, पायातच, पचपच वाजत.

पाटलांच्या उंबऱ्याशी मात्र पद्माबाई स्वतःहून थांबल्या. बाळंतिणीच्या खोलीत चिखल नको. नाळ कापायची कात्री उकळून पेटीत ठेवलेली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. घरातल्या बाईकडून विळा मागून घेतला, माझ्या नाड्या कापल्या, मला अंगणात भिरकावलं, हातपाय धुतले आणि आत गेल्या. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

अंगणात पाऊस पडत होता आणि मी भरत होतो. बऱ्याच वेळानं आतून बाळाचं रडणं आलं, मागोमाग चांगुणाचा आवाजही. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. दारापाशी बसलेले माणिकराव डोळे पुसत उठले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग इकडं तिकडं पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली, मला उचललं, आतलं पाणी ओतलं आणि वळचणीखाली ठेवून दिलं. ओसरीपुढं त्यांना हे जमलं नसतं. त्यांची हिंमत तेवढीच, चोरून बूट उचलण्यापुरती.

दुसऱ्या दिवशी पद्माबाईंनी मला सुतळी बांधली. सोजराबाई दारात आल्या. "काल अडीनडीचं होतं माय. आज काढ."

"न्हाई आत्या. काल समद्यांनी ऐकलंय."

त्या निघाल्या. पारापुढं त्यांची पावलं जड झाली, ते मला आतून कळत होतं. पायाला घाम सुटला होता. मंडळींनी माणिकरावांकडं पाहिलं. माणिकरावांनी तोंड फिरवलं आणि तंबाखू मळायला घेतली.  सव्वा महिन्यानं चांगुणा बाळाला घेऊन सासरी निघाली, तेव्हा तीही चपला घालूनच पारापुढून गेली. तिला कोण बोलणार होतं?

दिवाळीला प्रेमसिंग आला. मला उलटंपालटं करून पाहू लागला.

"पत्थरानं फाटला?"

"न्हाई."

"मग ही नाड्यांची भोकं कशी फाटली?"

"काढघाल करून करून."

"इतनी? डोंगरात कशाला काढावा लागतो?"

"डोंगरात न्हाई," पद्माबाई म्हणाल्या. "गावात."

प्रेमसिंग विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "समजलो! भोकं कच्ची हायेत. पितळी कड्या बसवायला सांगतो." आणि कंपनीनं पुढच्या बुटांना खरंच पितळी कड्या बसवल्या. गावाचं दुखणं कड्या बसवून बरं करणाऱ्या शहाण्यांना काय म्हणावं?

मला तो परत नेणार होता, पण फाटका म्हणून ठेवून गेला. पद्माबाईंनी तळ झिजेपर्यंत मला वापरलं. मग एक दिवस जीपवाला नजरेसाठी जुनं पायताण मागत वाड्यात आला. सोजराबाईंनी मलाच त्याच्या हातात दिलं. "ने बाबा. ह्याला बघून भल्याभल्यांनी तोंड फिरवलंय. तुझ्या जीपकडं कोण बघतंय?"

तेव्हा मित्रांनो, जाता जाता एवढं ऐका. आपल्या पायताणांची निगा राखा. चिखल लगेच धुवा, उन्हात तापवू नका, भिजली तर सावलीत वाळवा. पण हातात घेऊन चालणं ही काही निगा नव्हे. पायातून काढायचं ते उंबऱ्याशी, आपल्या मनानं.

बाजाराच्या दिवशी आमची जीप त्याच गावातून जाते. पारापुढं ती थांबत नाही. मंडळी अजून तिथंच बसलेली असतात, आणि मी दोरीला हेलकावे घेत, झिजलेला तळवा त्यांच्याकडं करून निघून जातो.