शाळा परत केल्याची सही

सगीराबाईंची होडी शाळेच्या धक्क्याला लागली तेव्हा पहाऱ्यावरच्या गड्याने बंदूक वर केली, मग छत्री ओळखली आणि बंदूक खाली घेतली.

"बाई, आत कमांडर आहेत."

"असू देत. तू आधी बूट काढ. वर्गात बूट चालत नाहीत, हे तुला मी पहिलीत शिकवलंय, ताहीर."

ताहीर तीस वर्षांचा, मिशीवाला, दोन मुलांचा बाप. त्याने निमूट बूट काढले. बाईंनी बादली त्याच्या हातात दिली, झाडू स्वतःकडे ठेवला आणि त्या आत शिरल्या.

त्या दलदलीत सिमेंटची इमारत एकच, आणि ती म्हणजे शाळा. बाकी सगळी घरं बांबूची. बांबूतून गोळी आरपार जाते, सिमेंटमधून जात नाही, एवढ्या एका गुणामुळे एप्रिलच्या सुट्टीत कमांडर बुआया आपली चौदा माणसं घेऊन शाळेत राहायला आला होता. बुआया म्हणजे मगर. कालव्यापलीकडच्या नारळीच्या बनात कमांडर किलाट होता. किलाट म्हणजे वीज. तो तिथून रोज शाळेवर गोळ्या झाडायचा. दोन घराण्यांचं हे ताजं भांडण चार वर्षांपूर्वी सुरू झालं. अरुंद कालव्यात दोन होड्या समोरासमोर आल्या, मागे कुणी सरायचं यावरून बोलाचाली झाली, आणि एक जण दुसऱ्याला म्हणाला, "डोळे घरी ठेवून आलास का?" त्या एका वाक्यापायी आजवर सात माणसं मातीखाली गेली होती. या मुलखात माणूस तीन दिवस उपाशी राहील, पण मरातबाला धक्का लागलेला तीन मिनिटं सोसणार नाही.

बायका मात्र दोन्हीकडे जाऊ-येऊ शकत. बाईमाणसावर हत्यार उचलणाऱ्याला त्याचे सख्खे भाऊही पंगतीला घेत नाहीत. सगीराबाई हा रिवाज छत्रीसारखाच रोज वापरत.

जून आठवड्यावर आला होता. शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात गावाने मिळून शाळा साफ करायची, असा देशभरचा नेम. पण शिक्षण खात्याचं पत्र आलं होतं: पहिल्या सोमवारपर्यंत हत्यारबंद माणसं बाहेर पडली नाहीत तर शाळा बंद, मुलांनी बाजारगावच्या शाळेत जावं. बाजारगाव मोटरहोडीने दीड तास. पुढे काय होणार हे बाईंना पाठ होतं. मुलगे महिनाभर जातील, मुली एक दिवससुद्धा जाणार नाहीत. एकतीस वर्षं एकेका घराच्या शिडीवर बसून त्यांनी त्या मुली आणल्या होत्या. पत्र वाचून त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडू उचलला.

वर्गात चुलीचा धूर होता. चुलीत बाकाचा पाय जळत होता. पृथ्वीच्या गोलावर कुणीतरी नेमबाजीचा सराव केला होता आणि प्रशांत महासागराला तीन भोकं पडली होती. फळ्यावर किलाटच्या मोर्च्यांचा नकाशा काढलेला. बाईंनी तो बारकाईने पाहिला, खडू उचलला आणि एक बाण खोडून उलटा काढला.

"पश्चिम इकडे असते, मुसिब. चौथीतही तू इथेच चुकायचास."

कमांडर बुआयाला मुसिब म्हणणारं आता जगात बाईंखेरीज कुणी उरलं नव्हतं. त्याची माणसं छताकडे पाहायला लागली.

"बाई, बसा ना," तो घाईने म्हणाला. "पास्तिल खा. सकाळीच आणलाय." त्याने केळीच्या पानातला भात-कोंबडीचा पुडा पुढे केला. "मी तुमचीच वाट बघत होतो. आमच्या पोरीचा, रैहानाचा, तो सगळ्या इयत्तांच्या गुणांचा १३७ नंबरचा दाखला हवाय. कोताबातो शहरातल्या मोठ्या शाळेत नंबर लागलाय तिचा. सोमवारी कागद द्यायचेत."

"मला माहीत आहे. परीक्षेला मीच बसवलं तिला." बाईंनी पुडा सोडला आणि त्या शांतपणे खायला लागल्या. "दाखला तयार आहे. बेबाकी झाली की सही करते."

या देशात बेबाकीवाचून शाळा कुणाला सोडत नाही. पुस्तक परत, खिडकी पुसलेली, कुंडीला पाणी घातलेलं, तेव्हा कुठे दाखल्यावर सही होते. बाईंनी पिशवीतून छापील कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. बुआयाने वाचला. बारा बाकं. एक पृथ्वीचा गोल. संडासाचं दार. आणि शेवटच्या ओळीत, बाईंच्या वळणदार अक्षरात: शाळेची इमारत, एक.

"ही शेवटची ओळ बाकीच्यांच्या कागदात नसते," तो म्हणाला.

"बाकीच्यांनी इमारत नेलेली नाही."

"मी कपाट फोडून दाखला घेऊ शकतो."

"घे की. माझ्या सहीशिवाय त्यात पास्तिल बांधता येईल, तेवढा मोठा आहे कागद."

बुआयाने टोपी काढली, डोकं खाजवलं. खरं सांगायचं तर तो वाईट माणूस नव्हता, हट्टी होता. "बाई, मी आज निघालो तर संध्याकाळी किलाट इथे येऊन बसेल. मग लोक म्हणतील, मगर पळाली."

हा प्रश्न खरा होता. बाईंनी हात धुतले आणि त्या होडीत बसून नारळीकडे निघाल्या.

किलाटचं खरं नाव कमरुदीन. माणूस काटकुळा, खिशात कायम कंगवा. त्याची मुलं लहान होती, त्याला कसला दाखला नको होता. बाईंच्या हातात धरायला त्याची शेंडी नव्हती. मग त्यांनी त्याच्या नाकाला हात घातला.

"कमरुदीन, कळवायला आले. मुसिब शाळा सोडतोय. बारा बाकं नवी करून देतोय. प्रत्येक बाकावर त्याच्या घराण्याचं नाव रंगवणार म्हणे."

हे धादांत खोटं होतं. मुसिबने अजून एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

किलाटचा कंगवा केसात थांबला. "प्रत्येक बाकावर?"

"मोठ्या अक्षरात. तुझी मुलंही त्यावरच बसतील, नाही का?"

"मी वीस देतो," किलाट म्हणाला. "आणि संडासाला दार. कडीसकट."

"देशील रे, पण घेता येणार नाही. ज्याच्या माणसांनी शाळेपासून दोनशे पावलांच्या आत बंदूक आणली, त्याची वस्तू शाळेने घ्यायची नाही, असा नियम आहे."

असा कोणताही नियम नव्हता. तो बाईंनी येताना कालव्यातल्या जलपर्णीच्या दोन बेटांमध्ये तयार केला होता.

परतीच्या वाटेवर त्या पुन्हा शाळेत थांबल्या आणि बुआयाला म्हणाल्या, "किलाट वीस बाकं देतोय. नावं रंगवून. स्वतः रंधा मारतोय."

"त्याला रंधा कोणत्या बाजूने धरतात ते तरी माहीत आहे का?"

"शिकेल. तुला नसेल जमणार तर राहू दे, मी त्याचीच घेते. आणि दोनशे पावलांच्या आत बंदूक आणणाऱ्याची वस्तू शाळा घेत नाही, हा नियम त्यालाही सांगितलाय."

गुरुवारपर्यंत कालव्याच्या दोन्ही काठांवरून नुसती ठाकठूक ऐकू येत होती. चार वर्षांत पहिल्यांदा गोळीचा आवाज नव्हता, कारण करवत धरलेल्या माणसाला बंदूक धरता येत नाही. बुआयाची माणसं शाळा सोडून दोनशे पावलं मोजून पलीकडच्या बांधावर गेली. ताहीरने दोनदा मोजली. बायका घरोघरी खुदुखुदू हसत होत्या आणि नवऱ्यांना खिळे आणून देत होत्या. सगीराबाई स्वतःवर बेहद्द खूश होत्या, आणि तिथेच जरा गाफील राहिल्या.

त्यांनी बुआयाला शनिवारी सकाळी बोलावलं होतं आणि किलाटला दुपारी. पण बुआयाची बाकं आधी लागणार ही बातमी नारळीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो. शनिवारी आठ वाजता दोन्हीकडच्या होड्या एकदमच धक्क्याशी आल्या. धक्का अरुंद. मागे कुणी सरायचं, हा प्रश्न पुन्हा तोच.

बंदुका बाईंच्या नियमाप्रमाणे मागेच राहिल्या होत्या, असं दोन्ही बाजू म्हणत होत्या. पण होड्यांत बाकांखाली ताडपत्र्या होत्या, आणि ताडपत्र्यांखाली लांब काहीतरी होतं. ताहीरचा हात हळूच खाली गेला. समोरच्या होडीतही एक हात खाली गेला. बाई धक्क्यावर उभ्या होत्या. आठवडाभर तोंडात खोटं तयार असायचं, आज काहीच सुचेना. आठवे-नववे मुडदे आपल्या दारात पडणार आणि ते आपणच बोलावले, एवढंच डोक्यात होतं.

"बाई," किलाट होडीतूनच म्हणाला, "एवढंच सांगा. बाकं द्यायला आधी कबूल कोण झालं? मी की हा?"

कुणाचंही नाव घेतलं तरी दुसऱ्याचा मरातब गेला. बाईंनी छत्री मिटली.

"कुणीच नाही. मी तुला खोटं सांगितलं. मग त्याला जाऊन तुझं नाव सांगितलं. दोनशे पावलांचा नियमसुद्धा माझाच."

बुआयाने किलाटकडे पाहिलं. चार वर्षांत तो त्याच्याशी पहिल्यांदा बोलला.

"तुलाही बनवलं?"

"नावं रंगवणार म्हणाल्या."

"मला म्हणाल्या तू रंधा मारतोस."

"मारला ना मग." किलाटने तळहात दाखवला. फोड आले होते.

दोघांनी थोडा हिशेब केला असावा. एकमेकांकडून हरले असते तर प्रश्न होता. पण हरवलं होतं चौथीच्या बाईंनी, आणि दोघांना सारखंच. त्यात कुणाचं नाक कापलं जात नव्हतं. ताहीरचा हात ताडपत्रीवरून निघाला. पलीकडचाही निघाला.

"आता आत या," बाई म्हणाल्या. "मजबूत आहेत का बघायचंय. बसा त्यांच्यावर."

दोघे कमांडर नव्या बाकांवर, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, शेजारी शेजारी बसले. बाक करकरलं पण टिकलं. बाईंनी बेबाकीचा कागद ठेवला. बुआयाने प्रत्येक ओळीपुढे खूण केली, शेवटच्या ओळीपाशी थांबला आणि 'शाळेची इमारत, एक' यापुढे मुसिब अशी सावकाश सही केली. बाईंनी रैहानाच्या दाखल्यावर सही करून उठावाचा शिक्का दाबला.

मग त्यांनी कपाटाच्या तळातून आणखी दोन पिवळे कागद काढले आणि एकेकापुढे ठेवले. "हे तुमचे. तुम्ही न्यायलाच आला नाहीत. मागल्या वेळी शाळा जळली तेव्हा मी तांदळाच्या हंड्यात घालून घरी नेले होते."

किलाटने आपला शेरा वाचला: अक्षर सुंदर, केस विंचरण्यात वेळ घालवतो. बुआया आपल्या कागदावर बोट फिरवत खाली आला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीची ओळ कोरी होती. त्याने रैहानाचा दाखला शेजारी धरला. तिच्या सहाही ओळी भरलेल्या.

"बाई, इथे काहीच लिहिलं नाहीत."

"त्या वर्षी शाळा भरली नाही. तुझे वडील आत बसले होते आणि याचे वडील नारळीतून गोळ्या झाडत होते."

मग बुआया उठला, फळ्यापाशी गेला आणि त्याने डस्टर उचलून मोर्च्यांचा नकाशा पुसायला सुरुवात केली. बाईंनी उलटा काढलेला बाण पहिला गेला.

किलाट घाईने उठला आणि त्याने डोक्याचा रुमाल सोडला. "थांब. नारळीची बाजू माझी आहे. ती मी पुसणार."

"कोपरे नीट पुसा रे," सगीराबाई म्हणाल्या आणि डोळे टिपायला खिडकीकडे वळल्या. "सोमवारी पाचवीचा पहिला तास याच फळ्यावर आहे."