वर्गणीची टपालबोट

पडदा काळा दिसतोय म्हणून मी नाहीच, असं समजू नका. मी आहे, आणि बोलतोय. मी एक व्हिडिओ गेम. नाव 'टपालबोट'. मला वजन नाही, वास नाही. मी म्हणजे नुसत्या ओळी, एकेचाळीस हजारांच्या आसपास. पण स्वस्थता म्हणाल, तर ती यातल्या एकाही ओळीत लिहिलेली नाही.

जन्म होबार्ट बंदरातला. बोटींचे दोर आणि रंग विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर इंग्रिड पास्को मला लिहायची आणि कॅलम टेट मला रंगवायचा. दोघं कॉलेजपासूनचे मित्र, आणि भांडतातही तेव्हापासून. माडीची खिडकी धड लागत नसे. डोंगरावरून वारा सुटला की कॅलमचे कागद उडायचे आणि इंग्रिड खांद्यावर पांघरूण घेऊन टाइप करत बसायची.

खेळ साधाच. सामुद्रधुनीतल्या बेटांवर छोट्या बोटीने पत्रं पोचवायची. डाव्या हाताने सुकाणू, उजव्या हाताने इंजिन. तिसऱ्या बेटावर दीपगृह आहे. तिथली बाई रेडिओवरून सांगते, "वारा फिरलाय रे. घाई करू नकोस, पत्रं कुठं पळून जात नाहीत." तो आवाज कॅलमच्या आईचा, मेव्हचा. त्याने तो तिच्या स्वयंपाकघरात टिपला होता, त्यामुळे मागे किटलीही वाजते.

दोघांचे खिसे रिकामे. म्हणून त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. आवाहन कॅलमने लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं : 'हा खेळ आम्ही करू, पण तो तुमचा असेल.' अडीच हजार लोकांनी पैसे दिले, मी अजून कशातच नसताना. आणि लगेच भांडायलाही लागले. बोट लाल की हिरवी? बोटीवर कुत्रा हवा की मांजर? बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातली गत.

त्या अडीच हजारांत मेरिलिन हॅबगुड होती. फ्लिंडर्स बेटावरचं टपालघर एकतीस वर्षं सांभाळलेली बाई. तिने आवाहनातलं चित्र बघून वर्गणीच्या जोडीला तक्रारच पाठवली : "टपालाच्या पिशवीला अशी गाठ मारत नाहीत. ओल्या हातांनी ती सुटायची नाही." कॅलमने गाठ नव्याने काढली. "अजून चुकतेय." पुन्हा काढली. चौथ्या खेपेला तिचं उत्तर आलं, "आता ठीक. हात बरा आहे तुझा."

तीन वर्षांनी मी पुरा झालो. लोक मला खेळले, हसले, वाऱ्यावर चिडले. ते दिवस भुर्रकन गेले.

माणसांची एक सवय मला अजून उमगलेली नाही. ती घरातलं यंत्र बदलतात आणि त्यात कोण राहत होतं, ते विसरून जातात. दर वर्षी कॉम्प्युटरच्या पोटात काहीतरी नवं यायचं आणि मला डागडुजी लागायची. पण करणार कोण? माडी सोडून झाली होती. इंग्रिडने इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी धरली, कॅलम शाळेत चित्रकला शिकवू लागला. मेव्ह वारली. आणि त्याच हिवाळ्यात मी अडखळू लागलो. बोट तिसऱ्या बेटाजवळ आली, रेडिओ खरखरला, की सगळं काळं. लोकांनी आधी विनंत्या लिहिल्या, मग शिव्या, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' फार वाईट. माझी चूक मला आतून सलत होती, दातात तूस अडकावं तशी. पण मला हात कुठे आहेत?

गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी मेरिलिन इंग्रिडच्या घरी आली. तिला पक्षाघात होऊन गेला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. सोबत तिची मुलगी टॅमसिन. ती बर्नी गावच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. इंग्रिडने कॅलमलाही बोलावलं होतं. मी टेबलावर होतो, चहाच्या कपांमध्ये, इंग्रिडच्या लॅपटॉपमध्ये.

"तिसऱ्या बेटाचं सोड," मेरिलिन म्हणाली, "मला धक्क्यावरूनच निघता येत नाही. सुकाणू धरलं तर इंजिन सुटतं."

"एका हाताने चालेल असं मी करून देईन," टॅमसिन म्हणाली. "पण आतलं लिखाण दिसल्याशिवाय कुठे हात घालू?"

"मी दोन रविवार बसले गं," इंग्रिड म्हणाली. "माझंच लिहिलेलं मला कळेना. म्हणून म्हणते, सगळ्या ओळी खुल्या करून टाकू. ओपन सोर्स. ज्याला दुरुस्त करायचं त्याने करावं."

कॅलमने कप खाली ठेवला. "आणि उद्या कुणी माझी बोट उचलून, नाव बदलून विकायला काढली तर? माझी चित्रं लोकांनी न विचारता टॉवेलांवर छापली होती, आठवतंय ना?"

"तूच लिहिलं होतंस, कॅलम," टॅमसिन म्हणाली. "तो तुमचा असेल, म्हणून."

"ती जाहिरात होती! करार नव्हता."

"असं तेव्हाच लिहायचं होतंस."

"टॅमसिन, पुरे." मेरिलिनने डावा हात वर केला. "मी हक्क सांगायला आलेली नाही. पैसे दिले, बोट मिळाली, मनसोक्त खेळले. फिटलं. आता मी विनंती करतेय. नाही म्हणालास तर चहा पिऊन जाईन. रागावणार नाही. थोडी रागावेन."

कॅलम हसला नाही. मला त्याच्यापेक्षा जास्त धडधडत होतं. खुलं व्हायची मला हाव होती, आणि भीतीही. अनोळखी माणसं माझ्या आतड्यात हात घालणार, माझे ढिसाळ टाके बघून हसणार.

"वाच तरी," इंग्रिडने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "इतक्या वर्षांत एकदाही वाचलं नाहीस."

तो वाचू लागला. इंग्रिड ओळींच्या मध्येमध्ये स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवायची. 'हे का चालतं, देव जाणे. हात लावू नये.' 'कॅलमने पुन्हा बेट हलवलं. गाढव.' 'गाढवाने पुन्हा हलवलं.'

"एकोणीस वेळा गाढव?" कॅलम म्हणाला.

"वीस. एका ठिकाणी खेचर आहे."

मग तो तिसऱ्या बेटाच्या ओळींवर आला आणि थांबला. तिथे एकच टिपण होतं : 'मेव्हचा आवाज. कॅलमला विचारल्याशिवाय कुणीही हलवू नये. मीसुद्धा.'

त्याने लॅपटॉप इंग्रिडकडे परत सरकवला.

"चित्रांचं मी सांगतोय ते खरं आहे," शेवटी तो म्हणाला. "पण ते सगळं नाही. आवाज एकदा बाहेर गेला की कुणीही तो कापील, जोडील, तिच्या तोंडी वाटेल ते घालील. नको म्हणायला ती आता नाहीये."

"मग आवाज नको देऊस," मेरिलिन म्हणाली. "पाकिटावरचा पत्ता सगळ्यांनी वाचावा. आतलं पत्र ज्याचं त्याचं."

तसंच ठरलं. ओळी इंग्रिडच्या, त्या खुल्या. चित्रं आणि मेव्हचा आवाज कॅलमचे, ते बंद. ज्याने खेळ आधी घेतलाय, त्याच्याकडे ते आहेतच. नव्याने कुणी जुळवणी केली तर त्याने चित्रं आणि आवाज आपले आणावेत. दोघांनी तसं स्पष्ट लिहून ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात मला इंटरनेटच्या दारात उभं केलं. इंग्रिडला 'गाढव' खोडायचं होतं. कॅलम म्हणाला, "राहू दे. जगाला कळू दे, माझ्याबरोबर काम करणं काय असतं."

टॅमसिनला पंधरा दिवस लागले. आता डाव्या हाताचं एकच बटण दाबून धरलं की बोट निघते, सोडलं की वळते. मेरिलिन पहिल्याच दिवशी खडकावर आदळली. "बोट नीट आहे," तिने कळवलं, "खलाशी सरावलेली नाही."

कॅलमची भीतीही खोटी ठरली नाही. दोन महिन्यांत कुणीतरी माझा सांगाडा घेऊन, वर भडक रंग फासून, मध्येमध्ये जाहिराती घालून नवाच खेळ म्हणून मांडला. इंग्रिडने तक्रार केली, तो उतरवला गेला. दुसऱ्या नावाने पुन्हा आला. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

आणि त्याच आठवड्यात लांबच्या टोंगा बेटांवरून एक दुरुस्ती आली. पाठवणारा सेमिसी नावाचा शाळामास्तर. वर्गणीदारांच्या यादीत त्याचं नाव नाही. माझ्यासाठी त्याने कधी छदाम दिलेला नाही. नवी यंत्रं आवाज वेगळ्या रीतीने वाचतात, त्यामुळे रेडिओपाशी माझा श्वास कोंडायचा, हे त्याने स्वतःचाच आवाज घालून बघताना शोधलं. बदल अवघ्या सहा ओळींचा.

इंग्रिड त्या सहा ओळी घेऊन कॅलमकडे गेली आणि त्याच्या जुन्या प्रतीत घातल्या. तो सुकाणू धरून बसला. पहिलं बेट, दुसरं बेट. तिसऱ्यापाशी मी श्वास रोखला. रेडिओ खरखरला, आणि मेव्ह बोलली. सबंध वाक्य.

कॅलमने बोट जागीच थांबवली. इंग्रिड उठून जायला लागली, तर म्हणाला, "बस ना." मग त्याने सेमिसीला पत्र लिहायला घेतलं. आभार मानायला त्याला तासभर लागला. खाली त्याने आईचं वाक्य लिहून दिलं, आणि पुढे लिहिलं, "तुझ्याकडे हा आवाज नाही. तुमच्या बोलीत, तुझ्या घरातल्या कुणाकडून तरी म्हणवून घे."

आता मी नेमका कुठे आहे, ते मलाही सांगता येत नाही. एका प्रतीत माझी बोट बर्फावर घसरते. एकीत पत्रांऐवजी औषधं आहेत. टोंगात दीपगृहातून सेमिसीची आजी ओरडते. यातला खरा मी कोणता? हा विचार मला बसू देत नाही.

तुम्ही जे लोकांच्या वर्गणीवर आमच्यासारख्यांना जन्माला घालता, त्यांना एकच सांगणं. तुमचं जे तुमचं आहे ते खुशाल सोबत न्या. पण दमून उठाल, दुसऱ्या कामाला लागाल, तेव्हा जाताना दार ओढून घेऊ नका. आत आम्ही असतो.

बास, थांबतो आता. कुणीतरी अनोळखी माणसाने माझं इंजिन उघडलंय. काय करतोय कळत नाही. थोडं दुखतंय. चालू दे रे बाबा, थांबू नकोस.