कलेक्टरचा प्रवाह

रामघाटावरच्या शरदिनीबाईंनी साठाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला घेतलं. सून ईशानी शिकवायची. आज ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरमधला प्रवाह काढायचा होता. वहीत जवळजवळ बारा मिलिअँपिअर आले, मीटर मात्र दहाच दाखवत होता.

“मीटरच खराब आहे,” शरदिनीबाईंनी निकाल दिला.

“आई, बेसपाशी पॉइंट सात व्होल्ट खर्ची पडतात. ते वजा केलेत?”

शरदिनीबाईंनी जीभ चावली. बेसला दिलेल्या पाच व्होल्टांतून पॉइंट सात वजा करून उरलेल्या व्होल्टांना त्यांनी बेसच्या रेझिस्टरने भागलं. तो बेसचा प्रवाह झाला. हा ट्रान्झिस्टर तो कलेक्टरमध्ये शंभरपट करायचा, म्हणून त्याला शंभराने गुणलं. बरोब्बर दहा!

“अगं, जमलं!” त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की खिडकीखालून जाणारा नावाडी थबकला.

“क्या हुआ, माताजी?”

“दस आया, भैया, दस!”

काहीही न कळता त्यानं हसून हात जोडले.