डोणीला कुंकू

"माझी डोणी कुटं हाय?" आनंदीबाईंनी सकाळी सकाळी असा आवाज लावला की बागेत छाटणीला आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या.

गोठ्यापुढची जनावरांची पाणी प्यायची दगडी डोणी गेली होती. उरला होता ओल्या मातीतला चौकोनी खड्डा, आणि तहानलेली कपिली गाय दाव्याला हिसके देत होती.

त्यांचे यजमान हिंदुराव ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. "मला काय इचारतीस? लेकाला इचार. ह्या घरात मला कोन इचारतंय?"

लेक विश्वजीत टेस्टिंग रूमवर होता. मांजरी गावच्या शिवाराला काचेच्या इमारतींतल्या कंपन्या येऊन भिडल्या, शेजाऱ्यांनी बिल्डरला जमिनी दिल्या, याने मात्र बाग राखली आणि द्राक्षाची वाइन काढली. त्याचं आईला कौतुकच होतं. पण आता त्याला बागेच्या तोंडाशी ही चाखायची खोली हवी होती. लोकांनी मोटारीतून यायचं, काचेतून बाग बघायची, घोट घोट वाइन चाखायची, आवडली तर बाटल्या न्यायच्या. खोली कसली, वर्षभराचा जिवाला घोर. कर्वेनगरची नम्रता नावाची आर्किटेक्ट दर आठवड्याला यायची आणि मागच्या आठवड्याचं पाडायला लावायची. शेताची शोभा पाहिजे म्हणून जू दारावर गेलं, जातं टेबलाखाली गेलं. आनंदीबाई बोलायच्या, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या तरातरा खोलीत शिरल्या. डोणी मधोमध सिमेंटात पक्की बसवली होती आणि तिच्या तळाला भोक पाडून नळी जोडली होती.

"हात धुवायला बशिवली व्हय?"

"नाही काकू," नम्रता हौसेने म्हणाली. "वाइन तोंडात घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि यात टाकायची."

"टाकायची म्हंजी?"

"थुंकायची," विश्वजीत खाली बघत म्हणाला.

आनंदीबाई नवरी होऊन आल्या तेव्हा सासूने घरात घेण्याआधी याच डोणीला कुंकू लावायला सांगितलं होतं. हौशा आणि पाखऱ्या ही बैलजोडी इथंच प्यायली, इथंच त्यांचा पोळा झाला. विहीर आटली तेव्हा घरातली माणसं अर्ध्या तांब्यावर राहिली, पण डोणी त्यांनी कोरडी पडू दिली नाही.

"जित्राबाच्या तोंडाची जागा ती. तिच्यात मानसं थुकनार? आन वरीसभर घाम गाळून पिकवल्यालं तोंडात घिऊन थुकायचं? ही कुटली रीत रं?"

"आई, जगात सगळीकडं असंच करतात. सहा-सहा वाइन गिळल्या तर माणूस शुद्धीत राहील का? परवा मोठ्या हॉटेलांसाठी माल घेणारे साहेब येतायत. त्यांनी नाही म्हटलं तर ही बागबी बिल्डरच्या घशात जाईल."

"मग बादली ठिव."

"बादली चांगली दिसत नाही, काकू."

"आन थुकल्यालं चांगलं दिसतं व्हय गं?"

आनंदीबाई संतापाने पाय आपटत बाहेर पडल्या. बाग जावी असं त्यांनाही वाटत नव्हतं, आणि डोणी बाटावी असंही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

ठरल्या दिवशी साहेब आले. सदाशिव पेठेतले दत्तप्रसाद, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. खोली बघून म्हणाले, "छान. शेतकऱ्याच्या घरात जे नसतं ते सगळं आहे." विश्वजीत कसनुसा हसला. साहेबांनी पेला फिरवला, वास घेतला, घोट भरला आणि डोणीवर वाकले.

वाकले ते तसेच राहिले. डोणीच्या काठावर हळदकुंकवाची पाच बोटं उठली होती आणि तळाशी, भोकावर, झेंडूचं फूल. साहेबांचे गाल फुगलेले. त्यांनी विश्वजीतकडे बघितलं. विश्वजीतने दाराकडे बघितलं. दारात आनंदीबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या.

विश्वजीत ओलं फडकं घेऊन धावला.

"पूस," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "तुज्याच हातानं पूस."

फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. लहानपणी याच काठावर बसवून आईने त्याला न्हाऊ घातलं होतं. त्याचा हात पुढे होईना. साहेब बिचारे किती वेळ गाल फुगवून उभे राहणार? गटकन आवाज आला.

"माझ्या जिन्यात लोक थुंकायचे," साहेब रुमालाने ओठ टिपत म्हणाले. "म्हणून मी देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवल्या. उपयोग होतो का, शंका होती. आज फिटली."

मग त्यांनी उरलेल्या पाचही वाइन गिळल्या. चौथीनंतर मोजकं बोलणं सुटलं, सहावीनंतर गाण्यावर आलं. "पहिली आंबट, दुसरी त्याहून आंबट. चौथी पाठवा, भरपूर पाठवा," असं तीनतीनदा सांगून ते गाडीत झोपी गेले.

बाग वाचली. टेबलावर बादली आली. डोणीत कुणी थुंकलं नाही. विश्वजीत आईशी बोलेना, पण कुंकूही त्याने पुसलं नाही.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर आनंदीबाई कपिलीला त्या काचेच्या खोलीत घेऊन आल्या आणि भरली घागर डोणीत ओतली. झेंडूचं फूल एकदा गरकन फिरलं आणि भोकातून खाली गेलं. त्याच्यामागं सगळं पाणी गेलं. कपिलीने कोरडा दगड चाटला आणि मालकिणीकडे बघितलं.

"चल बाई," आनंदीबाई म्हणाल्या, आणि तिला परत गोठ्यातल्या नव्या प्लास्टिकच्या टपाकडे घेऊन गेल्या.