बिबट घरात येऊन राहिला आहे

तबस्सुमचं मराठी शुद्ध व्हावं म्हणून पुण्याच्या दीपिकाताईंनी जंग जंग पछाडलं होतं. बाई मनानं गोड, पण ‘राह्यला’ दिसलं की त्याखाली लाल रेघ ठरलेली. त्यांच्या संस्थेचं टायपिंग घरबसल्या करणारे सगळे असेच, कुणाचे पाय गेलेले, कुणाचे कान. एकमेकांना कुणी पाहिलेलं नाही. गाठ पडायची ती संगणकाच्या पडद्यावर, लिहून. तबस्सुमला लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय लुळे. ऊर्जानगरच्या वीज वसाहतीत, क्वार्टरमध्ये भावाच्या घरी खुर्चीत बसून ती पानंच्या पानं उतरवायची.

दोन हजार सहाचा उन्हाळा. भाऊ जहीर ड्युटीवर, भावजय रशिदा पुढच्या दाराला बाहेरून कडी घालून गिरणीवर गेलेली. मागचं दार वाऱ्यासाठी सताड उघडं, आणि दाराबाहेर पडवीत साडीच्या झोक्यात रशिदाचा जिशान झोपलेला. अजून पुरतं चालताही न येणारं लेकरू ते. तबस्सुमनं सहज मान वर केली तर अंगणातल्या टाक्याला तोंड लावून बिबट पाणी पीत होता.

ओरडावं तर जिशान उठून रडणार, आणि जनावराचं लक्ष नेमकं झोक्याकडे जाणार. फोन पुढच्या खोलीत, उंच स्टँडवर, त्यातून त्याची लाइन इंटरनेटनं अडवलेली. हाताशी होता तो फक्त कीबोर्ड. तेवढ्यात बिबटानं पाण्यातून तोंड काढलं आणि पडवीकडे दोन पावलं टाकली.

तिनं लिहिलं, ‘बिबट घरात येऊन राह्यला’. आणि माणसाची सवय पाहा, जीव जायची वेळ आली तरी तिला ती लाल रेघ आठवली. घाईघाईनं खोडून तिनं शुद्ध केलं आणि सगळ्यांना पाठवलं: ‘बिबट घरात येऊन राहिला आहे.’ आमच्या ऊर्जानगरकडच्या बोलीत याचा अर्थ बिबट आत्ता, या घटकेला, घरात शिरतोय. पुण्याच्या मराठीत मात्र तो पाहुण्यासारखा मुक्कामाला आलेला असतो.

ताईंचं उत्तर लगेच आलं. ‘अय्या, पाळलाय की काय? किती दिवस राहिला? पान झालं की सविस्तर सांगा हं.’

तबस्सुमला रडूच कोसळलं. तोच खाली दुसरी ओळ आली. ‘येऊन राह्यला, का येऊन गेला?’

विचारणारा विनोद होता, ब्रह्मपुरीचा. एसटीडी बूथ सांभाळता सांभाळता टायपिंग करायचा. लहानपणी तापात त्याचे कान गेले, बोलणं तेवढं शाबूत राहिलं.

‘राह्यला,’ तिनं लिहिलं. ‘लेकरू बाहेर. मी एकटी.’

‘गेटचा नंबर दे.’

वसाहतीच्या गेटवरच्या फोनचा नंबर तिला पाठ होता. तो आणि क्वार्टरचा नंबर दिला, आणि मग तिच्या लक्षात आलं. ठार बहिरा माणूस फोन करणार कसा? पलीकडे कुणी उचलला हे त्याला कळणार कसं?

‘मीटर सुरू झालं,’ पडद्यावर आलं. ‘म्हंजे कोनी तरी उचलला. बोलून राह्यलो.’

जिशाननं झोक्यात कूस बदलली. बिबटाचे कान उभे राहिले.

मग तबस्सुमनं विचार केलाच नाही. खुर्चीतून ती खाली घसरली आणि कोपरांवर अंग ओढत पडवीपर्यंत गेली. बिबट इतका जवळ होता की त्याच्या मिशांवरचं पाणी दिसत होतं. आपली आता धडगत नाही, हे तिला स्वच्छ कळलं. तरी तिनं हात वर करून जिशानला झोक्यातून खेचलं, पोटाशी धरलं, सरकत आत आली आणि दार लोटलं. कडी वर होती, तिच्या हाताबाहेर. ती दाराला पाठ लावून बसली. पलीकडून फळीवर नखं फिरली, खालच्या फटीतून गरम श्वास तिच्या कमरेला लागला. जिशान आता भोकाड पसरून रडत होता. तिनं डोळे मिटून घेतले आणि येतील तेवढ्या दुवा म्हटल्या.

शिट्ट्या, डबे, फटाके, सगळं एकदमच आलं. मागच्या भिंतीवर धप्प झालं आणि दारामागचा श्वास गेला.

पुढची कडी काढून रशिदा धावत आत आली, मागोमाग गेटवरचा पहारेकरी झिंगू.

“तो कोन माणूस होता बाई?” झिंगू धापा टाकत म्हणाला. “त्याले कितीबी सांगतलं का निघालो, पन तो आपला तेच ते बोलून राह्यला. शेवटी मी फोन तसाच खाली टाकून पळालो.”

रशिदानं लेकराकडे हात पसरले. तबस्सुमनं ते तिच्या हाती दिलं नाही.

“भाभी, पडद्यावर पाह्य. काय लिवलं हाय?”

रशिदानं वाकून पाहिलं. “तू आहे काय, तू आहे काय. खालपर्यंत निस्तं तेच.”

“लेकरू मंग घे. पहिले त्याले लिव.”

“मले कुठी येते?”

तबस्सुमनं जमिनीवरूनच एकेक अक्षर कुठल्या ओळीत ते सांगितलं. रशिदानं पिठाच्या बोटानं शोधून शोधून दाबलं. ‘मी आहो.’

ब्रह्मपुरीहून उत्तर आलं.

‘बरं. मंग आता फोन ठेवतो.’